‘कधीतरी लागतील’ असं लिहिलेला डबा

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे यजमान जाऊन दहा महिने झाले. अचानक गेले, निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. सत्तावीस वर्षांचा आमचा संसार. मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नोकरीला लागलाय. मुलगी अकरा वर्षांची. दोन महिन्यांनी वर्ष होईल. तेव्हा सगळ्यांनी जमायचं आणि त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची, असं घरात ठरलंय. पहिलं पान मी लिहायचं आणि त्या दिवशी चार शब्द बोलायचे तेही मीच.

तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा ‘मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, सदैव हसतमुख’ याच्यापुढे पेन सरकलं नाही. हे तर कुणाबद्दलही लिहिता येईल. आणि खरं सांगायचं तर ते सदैव हसतमुख नव्हते. धंदा बुडाला तेव्हा दोन वर्षं ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते. मुलाच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आले नाहीत. पुढे सावरले, खूप बदलले. धाकटीच्या वाट्याला वेगळाच बाप आला. मोठे दीर म्हणतात, गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये. मुलगा म्हणतो, मग माझ्याकडून काही मागू नका.

त्यांचे कॉलेजपासूनचे एक मित्र येत असतात. परवा ते सांगत होते, की हे कॉलेजात असताना बोलताना अडखळायचे आणि रात्री गच्चीवर जाऊन मोठ्यानं वाचायचा सराव करायचे. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर हसले आणि रात्री रडत बसले.

धाकटीनं विचारलं, ‘आई, बाबा कसे हसायचे गं?’ मी डोळे मिटले आणि मला ऐकूच येईना. व्हॉट्सॲपवर त्यांचा शेवटचा आवाज आहे, ‘निघालोय, वीस मिनिटांत पोचतो.’ तेवढाच रोज ऐकते. लोक म्हणतात, आता यातून बाहेर ये. काल त्यांची हत्यारांची पेटी उघडली. खिळ्यांचे, स्क्रूंचे डबे, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. ‘लाकडाचे’, ‘भिंतीचे’, आणि एका डब्यावर ‘कधीतरी लागतील’. तो हातात घेऊन तासभर बसून राहिले. मी लिहू काय, ते सांगा.

— एक वाचक

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचून संपवलं आणि मीही त्या डब्यापाशी थांबले. तुम्हाला तीन बैठकांत जे जमलं नाही असं वाटतंय, ते तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात करून बसला आहात. तुमच्या यजमानांना मी कधी पाहिलेलं नाही. पण वाकडा खिळाही न टाकणारा, तो नीट डब्यात भरून त्यावर चिठ्ठी डकवणारा एक माणूस मला आता माहीत आहे. धंदा बुडाल्यावरही ‘कधीतरी’ या शब्दावर त्याचा विश्वास होता. ‘कष्टाळू’ आणि ‘मनमिळाऊ’ वाचून मला यातलं काही कळलं नसतं.

तेव्हा पहिल्या पानाची सुरुवात त्या डब्यापासून करा. डबा कसला आहे, झाकण घट्ट बसतं की सैल झालंय, चिठ्ठी कशानं चिकटवलीय, आत काय काय आहे, हे एकेक लिहून काढा. एखादा स्क्रू कुठल्या कपाटाचा आहे हे तुम्हाला आठवेल. कपाटावरून घर बदललं तो दिवस आठवेल. घर बदलताना ते कशावरून चिडले, कशावरून हसले, ते आपोआप मागोमाग येईल. वस्तू हातात असली की आठवण चालत येते. ‘त्यांच्याबद्दल काहीतरी लिही’ असं मनाला सांगितलं, की मन आधी विशेषणं पुढे करतं, कारण ती तयार असतात आणि मनाला टोचत नाहीत.

हे मी अनुभवानं सांगते. माझे वडील गेले तेव्हा आम्ही भावंडांनी अशीच पुस्तिका काढली होती. छपाई सुंदर, फोटो सुंदर, आणि पानोपानी ‘शिस्तप्रिय’, ‘प्रेमळ’, ‘निगर्वी’. काही वर्षांनी माझ्या भाच्यानं ती वाचली. तो जन्मला तेव्हा आजोबा नव्हते. वाचून त्यानं एवढंच विचारलं, ‘आजोबा रागवायचे का? रागावले की काय करायचे?’ माझे वडील रागावले की आधी चष्मा काढायचे, तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि मगच बोलायचे. आम्हाला ते चष्मा काढताना दिसले की पुढचं सगळं कळायचं. त्या पुस्तिकेत हा चष्मा कुठेच नव्हता. मुलाला आजोबांना भेटायचं होतं आणि आम्ही त्याच्या हातात प्रशस्तिपत्र दिलं होतं. ती चूक मला अजून सलते, म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

आठवणी अशा गुळगुळीत का होत जातात, याचा अभ्यास फार पूर्वी झालाय. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना एक अनोळखी धाटणीची गोष्ट वाचायला द्यायची आणि मग थोड्या थोड्या काळानं पुन्हा सांगायला लावायची. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली. तिच्यातलं विचित्र, न समजणारं गळत गेलं आणि उरलं ते सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत गेलं. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवताना आपण गोष्ट पुन्हा रचतो, त्यामुळे असं होतं. गेलेल्या माणसाचंही असंच होतं. चार जणांत चार वेळा सांगून झालं की त्याचे कंगोरे झिजतात आणि ‘भला माणूस’ या साच्यात तो बसतो. साचा चांगला असतो, पण त्यात तुमचे यजमान नसतात.

म्हणून एक काम लवकर करा. आठवणी मागताना सगळ्यांना एकत्र बसवून मागू नका. एकानं सांगितलं की दुसरा त्याला दुजोरा देतो, तिसरा त्यातच भर घालतो, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच आठवण होते. प्रत्येकाला वेगळं गाठा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी आधी आपलं आपण लिहावं, मग एकमेकांचं वाचावं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि त्यांना विचारून आवाज मुद्रित करा.

विचारताना ‘ते कसे होते?’ असं विचारू नका. या प्रश्नाला विशेषणाखेरीज उत्तर नाही. त्यांच्याशी तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं, हे विचारा. त्यांच्याकडून शिकलेली अशी कुठली गोष्ट तुम्ही आजही करता, हे विचारा. एखादी बातमी पहिल्यांदा त्यांनाच सांगावीशी वाटायची ती कसली? ते दारात आले हे न बघता कशावरून कळायचं? आणि विचारून झालं की गप्प बसा. समोरचा थांबला म्हणजे त्याचं संपलं असं नसतं. पाच-दहा सेकंदांची शांतता जड वाटते, आपण घाईनं काहीतरी बोलून ती बुजवतो, आणि नेमकं त्या शांततेनंतर जे येणार होतं ते हरवतं. डोळ्यांत पाणी आलं तरी वाक्य पुरं करायचं काम त्यांचं त्यांनाच करू द्या.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला त्याची काळजी सर्वांत जास्त वाटली.

‘मग माझ्याकडून काही मागू नका’ हे वाक्य तुटकपणाचं वाटतं, पण मला त्यात वडिलांबद्दलची ओढ दिसते. निकालाचा कागद हातात घेऊन तो त्या बंद दारासमोर उभा होता. तो दिवस त्याच्यापाशी आहे आणि जन्मभर राहील. आता सगळं घर मिळून ‘ते सदैव हसतमुख होते’ असं छापणार असेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर आपलीच आठवण चुकीची समजायची, नाहीतर त्या पुस्तिकेतला माणूस आपला बाप नाही असं मानायचं. दोन्हींत त्याचे वडील त्याच्यापासून दुसऱ्यांदा दूर जातात.

दिरांचा आग्रह मी समजू शकते. त्यांचा धाकटा भाऊ गेलाय, त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण एखाद्याची अवघड वर्षं लिहिणं म्हणजे त्याचं वाईट लिहिणं नव्हे. ‘ते चिडखोर होते’ हा शिक्का झाला, तो नकोच. ‘धंदा बंद करावा लागला तेव्हा दोन वर्षं ते आमच्याशी बोलू शकत नव्हते, ती वर्षं आम्हाला सगळ्यांनाच जड गेली, मग एके दिवशी...’ असं लिहिलंत तर तो माणूस होतो. त्या ‘मग एके दिवशी’च्या पुढे काय घडलं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. पत्रात तुम्ही ‘सावरले’ असा एकच शब्द लिहून पुढे गेलात. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम त्या एका शब्दात दडलाय. कसे सावरले? आधी कुणाशी बोलले? पुन्हा कामाला निघाले तो पहिला दिवस कसा होता? पडलेली वर्षं गाळलीत तर उठलेला माणूस वाचणाऱ्याला दिसणार कसा?

धाकटीसाठीही हे लागेल. तेव्हा ती दोन-तीन वर्षांची असणार. मोठेपणी माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं क्वचितच काही आठवतं, म्हणजे तिच्याकडे तो काळ जवळजवळ नाहीच. आज तिला त्याची गरज नाही. पण तिच्या आयुष्यात कधीतरी काहीतरी बुडेल, मोडेल, तेव्हा आपले बाबा यातून गेले होते आणि बाहेर आले होते, हे माहीत असण्याचा तिला केवढा आधार होईल.

अर्थात सगळंच छापायला पाहिजे असं मी म्हणत नाही. ज्या गोष्टीनं आज हयात असलेल्या कुणाची मान खाली जाईल, ज्यात दुसऱ्याचं गुपित आहे, जी त्यांनी फक्त तुम्हाला विश्वासानं सांगितली होती, ती पुस्तिकेत नको. निकालाच्या दिवसाची गोष्ट मुलाची आहे. ती लिहायची की नाही, आणि लिहायची तर कुणी, हे त्यालाच ठरवू द्या. त्याला म्हणा, ‘तुझं पान कोरं ठेवते. तुला जे खरं वाटतं ते लिही, मी एक शब्द बदलणार नाही. नाही लिहिलंस तरी ते पान तुझंच राहील.’ आणि हे बोलण्याआधी शक्य झालं तर आणखी एक करा. त्या दिवसाबद्दल त्याच्याशी बोला. तुम्ही दाराच्या बाहेर होतात की आत, तुम्हाला काय वाटत होतं, हे त्यानं कधी ऐकलंय का? कदाचित आत बसलेल्या माणसाची अवस्था तुम्ही पाहिली असेल आणि मुलानं फक्त दार पाहिलं असेल.

मित्रांनी सांगितलेल्या गोष्टीवर तुम्ही रात्री रडलात. त्या रडण्यात दुःखाबरोबर थोडं आणखी काही होतं, असं मला वाटतं. इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलं? मी परकी होते का? हे मनात आलं असेल तर त्याची लाज वाटून घेऊ नका. माणूस नवरा म्हणून एक असतो, बाप म्हणून एक असतो, आणि विशीत ज्याच्या खांद्यावर हात टाकून हिंडला त्या मित्रासाठी आणखी एक असतो. तिघं एकमेकांत तंतोतंत बसत नाहीत. बसवायची गरजही नाही. त्या मित्रापाशी अडखळणारा मुलगा होता. त्या मुलानं गच्चीवर रात्री जागवून जो आवाज कमावला, तो घेऊन तो तुमच्यापाशी आला. म्हणजे त्या मेहनतीचं फळ सत्तावीस वर्षं तुमच्या घरात होतं.

आता तो शेवटचा निरोप पुन्हा ऐका. ‘निघालोय, वीस मिनिटांत पोचतो.’ ते सावकाश बोलतात का? शब्दांच्या मध्ये थांबतात का? तो त्यांचा स्वभाव आहे असं तुम्ही समजत आला असाल. अडखळणारी पुष्कळ माणसं अशी लय सरावानं बसवतात. मला खात्रीनं सांगता येणार नाही, तुम्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा. त्या मित्रांना पुन्हा बोलवा. त्यांच्याकडे आणखी गोष्टी असतील, आणि त्या सांगायला त्यांनाही माणूस हवं असेल. मित्र गेल्यावर मित्राचं सांत्वन करायला फारसं कुणी जात नाही. तीसेक वर्षांची सोबत त्यांचीही तुटलीय. पुस्तिकेत त्यांना दोन पानं द्या, त्यांच्या भाषेत, त्या वयातल्या खोड्यांसकट.

आवाजाबद्दल आधी घाईचं सांगते, मग मनाचं.

तो निरोप आजच दुसरीकडे उतरवून घ्या. फोन बिघडतो, हरवतो, बदलावा लागतो. शिवाय खातं बराच काळ वापरात नसलं की कंपन्या ते काढून टाकतात. व्हॉट्सॲपचं खातं साधारणपणे 120 दिवस वापराविना राहिलं तर पुसलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते आतल्या पत्रांसकट आणि फोटोंसकट काढून टाकायचं धोरण 2023 पासून लागू झालंय. त्यांच्या खात्यात फोटो असतील तर ते आधी वाचवा. तुमच्या फोनवर आलेला निरोप तुमच्याकडेच आहे, पण तोही एकाच ठिकाणी ठेवू नका. फाइल म्हणून बाहेर काढा, एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक मुलाकडे. नाव नीट द्या, तारीख घाला. हे काम मुलाला सांगा. त्याला लिहायला जड जातंय, पण वडिलांचा आवाज जपून ठेवायचं काम तो करेल, असं मला वाटतं.

त्यांच्या इतर निरोपांतही शोधा. ‘येताना काय आणू’, ‘किल्ली कुठेय’, असले निरोप आपण ऐकून विसरतो, ते आता सोन्यासारखे आहेत. नातेवाइकांकडचे जुने व्हिडिओ मागवा. घरात व्हिडिओ काढायचं काम त्यांच्याकडे असेल तर ते चित्रात दिसणार नाहीत, म्हणून लोक म्हणतील की यात ते नाहीत. तरी मागून घ्या. कॅमेऱ्याच्या मागून ‘इकडे बघ, इकडे’ म्हणणारा माणूस त्यात असतो, आणि तो हसतोही.

हसणं आठवलं नाही म्हणून तुम्ही घाबरलात. यात तुमच्या प्रेमाची काही उणीव नाही. डोळे मिटून एखादा आवाज मनात जसाच्या तसा उभा करणं भल्याभल्यांना जमत नाही. समोर आलेली गोष्ट ओळखणं मात्र मेंदूला त्याहून खूप सोपं जातं. गर्दीत शंभर माणसं हसली तरी त्यांचं हसणं तुम्ही मान न वळवता ओळखलं असतं. ती ओळख अजून तुमच्यात शाबूत आहे. कुठल्यातरी व्हिडिओत ते हसले की तुम्हाला कळेल. आणि तोवर धाकटीला शब्दांनी सांगा. हसताना मान मागे टाकायचे का, डोळे बारीक व्हायचे का, आवाज न करता नुसते खांदे हलायचे का, कशावर हसू आवरायचं नाही. तिलाही उलट विचारा, ‘तुला काय आठवतं?’ अकरा वर्षांच्या मुलीकडे पुष्कळ साठा असतो. तिचं पान तिला लिहू द्या, आणि ‘असं नव्हतं गं, ते वेगळं होतं’ म्हणून कुणी मोठ्यांनी तिला दुरुस्त करू नये. पुस्तिकेच्या शेवटी तिच्यासाठी काही कोरी पानं ठेवा. लहान वयात वडील गेलेली मुलं पुढे वयाच्या प्रत्येक टप्प्यावर नव्यानं प्रश्न विचारतात. अकराव्या वर्षी तिला हसणं हवंय, सोळाव्या वर्षी वेगळं काही हवं असेल, पंचविसाव्या वर्षी आणखी वेगळं.

‘यातून बाहेर ये’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

माणसं आपुलकीनं बोलतात, पण त्यांच्या डोक्यात दुःखाची एक पायऱ्यांची शिडी असते. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हे पाच टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 साली मांडले. त्या बोलल्या होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी. मागे राहिलेल्यांना ती शिडी नंतर लावली गेली, आणि बहुतेकांचं दुःख तसं ओळीनं चढत नाही. गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घ्यायचं असतं, हा विचार मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या 1917 सालच्या निबंधातून पसरला. पुढे 1920 मध्ये त्यांचीच तरुण मुलगी सोफी आजारानं गेली. नऊ वर्षांनी, जिवंत असती तर ज्या दिवशी ती छत्तीस वर्षांची झाली असती त्या सुमारास, फ्रॉइड यांनी मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं. दुःखाचा जोर ओसरतो, पण जागा भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं, कारण ज्या प्रेमाला आपण सोडू इच्छित नाही ते असंच चालू राहतं, अशा आशयाचं. मन सोडवून घ्यायचा सिद्धांत ज्यांनी मांडला त्या बापालाही तो स्वतःवर लागू करता आला नाही.

पुढे 1999 साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी जे मांडलं ते मला सर्वांत खरं वाटतं. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत सतत ये-जा करत असतो. सकाळी बँकेचं काम उरकतो, दुपारी डबा हातात घेऊन तासभर बसतो, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतो. ही ये-जा चालू असणं हेच बरं लक्षण आहे. तुम्ही परवा मित्रासमोर हसलात आणि रात्री रडलात, तेही तेच.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या, जगणंच अडवून धरणाऱ्या शोकाला स्वतंत्र स्थान आहे. त्यात किमान सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषांत प्रौढांसाठी वर्षाची. नुसती मुदत उलटली म्हणजे आजार नव्हे. पण उठणं, जेवणं, मुलांकडे पाहणं महिनोन् महिने अशक्य होत असेल, आपणही जावं असं मनात येत असेल, तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका. तुमच्या पत्रातून मला तसं जाणवलं नाही. पण पत्रात सगळं येतं असं नाही, म्हणून लिहून ठेवते.

राहिलं त्या दिवशीचं बोलणं. लिहून न्या, पाठ करू नका. एक-दीड पान पुरे. अक्षरं मोठी छापून घ्या, डोळे भरून आले की बारीक अक्षर दिसत नाही. ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. दुसरी प्रत कुणाकडे तरी द्या आणि आधीच सांगून ठेवा, ‘मी थांबले तर तू पुढे वाच.’ बहुधा थांबावं लागत नाही, पण सांगून ठेवलेलं असलं की धीर येतो. आदल्या दिवशी एकदा तरी मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा जिथे गळा दाटतो ती जागा तुम्हाला कळेल, आणि त्या दिवशी तिथे पोचण्याआधी एक श्वास घ्याल. त्यांनीही गच्चीवर हेच केलं होतं.

आणि तो डबा सोबत न्या. बोलायला उभं राहाल तेव्हा समोर ठेवा. चिठ्ठी वाचून दाखवा. आत काय आहे ते सांगा, कुठला स्क्रू कुठला ते सांगा, मग धंद्याची दोन वर्षं, मग ते पुन्हा उभे राहिले तो दिवस. दीर ऐकत असतील, मित्र ऐकत असतील, धाकटी पुढे बसलेली असेल. मुलगा कदाचित मागे उभा असेल. त्याच्याकडे रोखून बघू नका, पण आवाज त्याच्यापर्यंत पोचेल इतकं मोठ्यानं वाचा.

पुस्तिका झाली की मला एक प्रत पाठवा. तुमच्या मुलाचं पान कोरं असेल तरी पाठवा.